चौदा तारखेचे आठ दिवस

आमच्या ह्यांना इजिप्तला जायला चार दिवस लागतात. हे मला ठाऊक आहे, आणि लिंडोसच्या बंदरात ज्याला म्हणून दोन कान आहेत त्या प्रत्येकाला गेली वीस वर्षं ठाऊक आहे. धक्क्यावरच्या बकऱ्यांनाही ठाऊक असेल. यायला किती दिवस लागतात हे मात्र विचारायचं नाही. विचारलं की ह्यांना एकदम काहीतरी काम आठवतं.

ह्यांचं नाव नाउसिप्पोस. जहाज स्वतःचं, नाव ग्लाउका. एक शीड, पाच माणसं आणि भलंमोठं गोल पोट. जहाजाचंही आणि मालकाचंही. पोटात दारूचे आणि तेलाचे रांजण भरायचे आणि दक्षिणेला सोडायचं, हा आमचा धंदा. नौदलाची ती लांब, सडपातळ जहाजं बंदरात आली की गावातली सगळी माणसं बघायला धावतात. एकेका जहाजावर पावणेदोनशे वल्ही, पाणी कापत येतात तेव्हा अंगावर काटा येतो. हे तेवढे नाक मुरडतात. "पळतात हो, पळतात," म्हणतात, "पण दुपार झाली की जेवायला किनाऱ्याला, ऊन कललं की झोपायला किनाऱ्याला. एवढ्या माणसांना पाणी कोण पाजणार? माझी ग्लाउका रात्रंदिवस चालते. झोपेत चालते."

त्यात खोटं काही नाही. उन्हाळ्यात उत्तरेचा वारा एकदा सुटला की चाळीस-पन्नास दिवस थांबायचं नाव घेत नाही. त्याला पाठ दाखवून शीड सोडलं की लहान मुलालाही इजिप्तला जाता येईल. चौथ्या दिवशी पाणी गढूळ दिसलं की समजायचं, नदीचं मुख आलं. पण तोच वारा येताना तोंडावर असतो, त्याला कोण काय करणार? मग आधी पूर्वेला फिनिकी लोकांच्या किनाऱ्याला लागायचं, तिथून वर सरकायचं, सायप्रसच्या आडोशाला जायचं, मग लिकियाच्या डोंगरांच्या पायथ्याने पहाटेची जमिनीवरची झुळूक पकडत एकेक खाडी ओलांडायची. वीस दिवस, पंचवीस दिवस, एकदा तर एक्केचाळीस. हे दिवस ह्यांच्या हिशेबात येतच नाहीत. "तो प्रवास नव्हे," म्हणतात, "ते घरी येणं."

आमच्याकडची सगळीच माणसं अशी. कुठलंही गाव किती लांब आहे असं विचारा, उत्तर दिवसांत मिळणार, आणि ते दिवस नेहमी जायचे, तेही चांगल्या वाऱ्याचे, तेही सांगणाऱ्याच्या तरुणपणीचे. पण ह्यांच्या ह्या सवयीपायी आमच्या क्लेनोचं लग्न दोनदा पुढे गेलं.

क्लेनो माझी एकुलती एक. बापासारखी दिसते आणि माझ्यासारखी बोलते, म्हणून मला तिची काळजी. मुलगा चांगला मिळाला होता, शेजारच्याच गल्लीतला, जाळी विणणारा, तिच्या बोलण्यावर हसणारा. लग्न पौर्णिमेच्या दिवशी लावायचं, आणि बापाने पोरीचा हात चार साक्षीदारांसमोर जावयाच्या हातात द्यायचा, ही रीत. बाप जिवंत असताना तो हात दुसऱ्या कुणी देऊन चालत नाही. पहिल्या खेपेला बाप दहा दिवस उशिरा आला. दुसऱ्या खेपेला वेळेवर निघाला, पण सामोस बेटाच्या तारखेने. सामोसची तारीख तेव्हा आमच्याहून पाच दिवस मागे चालत होती. प्रत्येक गावाची तारीख वेगळी असते हे नुकत्या चालायला लागलेल्या पोराला कळतं, पण आमच्या ह्यांनी तिथे कुणाला तरी विचारलं, "आज कितवी?" आणि सांगितलं त्यावर विसंबून निवांत ऑलिव्ह खात बसले.

मुलाची आई फेरेनीका. ती बाई काही साधीसुधी नाही. दुसऱ्या खेपेला पाहुणे जेवून न जेवून घरी गेल्यावर ती सरळ देवीच्या देवळात गेली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "तिसऱ्यांदा ठरवते, इथून तिसऱ्या महिन्याची चौदा तारीख. त्या तारखेला बापाने पोरीचा हात दिला तर सून माझी. नाही दिला तर पोरगी चांगली आहे, देवी तिचं भलं करो, पण माझ्या घरात नाही." शपथ घेतली ती घेतली. मी घरी येऊन ह्यांना म्हटलं, "अहो, आता लग्न होईपर्यंत जहाजाच्या दोरीलाही हात लावायचा नाही." हे म्हणाले, "बरं." आणि खरंच दोन महिने मासे पकडत बसले बिचारे.

मग तो फानेस आला.

फानेस मिलेतोसचा. बारीक, उन्हाने नाक सोललेलं, गळ्यात मेणाच्या पाट्या. बंदराबंदराला जाऊन कुठून कुठे किती दिवस लागतात ते लिहून घ्यायचा, त्याचं म्हणे पुस्तक करणार होता. अशी माहिती गोळा करायची तर न्हाव्याच्या दुकानासारखी जागा नाही. बायका तिथे जात नाहीत, पण सिमोस न्हाव्याच्या दुकानाची मागची भिंत आणि आमच्या अंगणाची भिंत एकच आहे. मी त्या भिंतीला टेकून मसूर निवडते. गेली वीस वर्षं माझे मसूर फार स्वच्छ असतात.

"इथून इजिप्त किती लांब?" फानेसचा आवाज आला.

"चार दिवस," हे म्हणाले.

"दिवस नकोत. अंतर सांगा."

"अंतरच सांगतोय. चार दिवस."

"काल एकाने सहा सांगितले."

"त्याच्याकडे जहाज आहे की बैलगाडी?"

दुकान हसलं. मग फानेसने तो प्रश्न विचारला. "आणि परत यायला?"

कात्रीचा आवाज थांबला. मीही मसूर थांबवला. सिमोस म्हणाला, "सांगा की, नाउसिप्पोस. जाताना मी ह्यांचे केस कापतो आणि येतात तेव्हा खांद्यावर आलेले असतात, एवढंच लिहा हो पाहुणे." पुन्हा सगळे हसले, ह्या वेळी जरा जास्तच. आणि आमच्या ह्यांचा आवाज चढला.

"लिहा! जाऊन, माल उतरवून, माल भरून, परत. सगळं मिळून एका चंद्रात. पौर्णिमेनंतर निघालो तर पुढच्या पौर्णिमेला घरी."

"नक्की?"

"घरी. जेवायला."

मेणावर काडी खरखरली. लिहिलेलं मी कधी वाचत नाही, पण ह्या एका अक्षराचा आवाज माझ्या कानात अजून आहे. पुढची पौर्णिमा म्हणजे क्लेनोची चौदा तारीख.

त्या दिवशी घरात जे झालं ते सगळं सांगत नाही, भांडी मोजकीच फुटली. मी म्हटलं, "अहो, कुठल्या तरी उपटसुंभाने पाटीवर ओरखडा काढला म्हणून पोरीचं लग्न पणाला लावताय?"

"अगं, पुस्तकात जाणार आहे ते. माणसं वाचणार. ग्लाउकाचं नाव राहील."

"आणि क्लेनोचं?"

"अठ्ठावीस दिवस आहेत, मिक्का! चार जायला. सहा तिथे. अठरा यायला. अठरा म्हणजे चैन आहे."

"अठरा दिवसांत तुम्ही कधी आलात?"

"कधी मनावर घेतलं नव्हतं."

क्लेनो दारात उभी होती. ती म्हणाली, "बाबा, खरंच याल?" हे तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "चौदाला तुझा हात देतो आणि अठराला पुन्हा निघतो. हिवाळ्यात समुद्र बंद व्हायच्या आत अजून एक खेप. पोसेदोनला तसा शब्दसुद्धा देऊन आलोय, अठरा तारखेला शीड सोडीन म्हणून." म्हणजे एका फुशारकीवर दुसरी, आणि दुसरीवर देवाचा शिक्का. देवाला दिलेला शब्द मोडायची आमच्याकडे कुणाची छाती नाही, आणि ह्यांची तर नाहीच.

सोळा तारखेला पहाटे ग्लाउका निघाली. मी धक्क्यावर गेले होते. रागात होते, आणि रागात माझं तोंड मोठं होतं. सिमोस होता, फानेस होता, अर्धं बंदर होतं. मी ओरडून म्हटलं, "चौदा तारखेला ह्या धक्क्याला लागलात, तर सिमोसच्या दुकानासमोर बसवून तुमचे पाय धुवीन! सगळ्यांसमोर!"

"पाणी गरम ठेव!" हे डोलकाठीजवळून ओरडले. त्यांचं हसू लांबवर दिसत राहिलं. उत्तरेच्या वाऱ्याने शीड भरलं आणि खरोखर, ते चार दिवसांचं जाणं असं असतं की बघत राहावं. पाव घटकेत जहाज मुठीएवढं झालं.

मग मी दिवस मोजायला लागले. चौथ्या दिवशी म्हटलं, पोचले. दहाव्या दिवशी म्हटलं, निघाले. त्यानंतर मोजण्यासारखं काही उरलं नाही, कारण परतीच्या दिवसांना आमच्याकडे नाव नाही. वारा तसाच, रात्रंदिवस, उत्तरेचा. एरवी मला तो आवडतो, कपडे लवकर वाळतात. त्या महिन्यात मी त्याला इतक्या शिव्या दिल्या की एखाद्याने लाज वाटून दिशा बदलली असती.

अकरा तारीख झाली. बारा झाली. क्लेनोने केशरी पदर रंगवून दोरीवर टाकला आणि तो वाळत असताना ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. ती काही बोलत नव्हती. माझी पोरगी गप्प बसली म्हणजे काय झालं असेल ते मलाच ठाऊक. मी शाल घेतली, अंजिराची वडी फडक्यात बांधली आणि अर्खिनोसमामाकडे गेले.

अर्खिनोसमामा माझ्या आईचा भाऊ आणि गावाचा तिथी सांगणारा. आज कितवी तारीख ते तो ठरवतो, आणि सकाळी दवंडीवाला चौकात ओरडतो. महिना चंद्राचाच, पण गावाला अडचण असली तर मामा एखादी तारीख धरून ठेवू शकतो. त्यात नवल काही नाही, सगळीच गावं करतात. तीन वर्षांपूर्वी उत्सवाच्या आधी गाणाऱ्यांचे घसे बसले तेव्हा नऊ तारीख ओळीने चार दिवस चालली होती, आणि कुणी हूं की चूं केलं नव्हतं.

"मामा, चौदा तारीख धरून ठेव."

मामा वडी चघळत होता. "किती दिवस?"

"हे येईपर्यंत."

"अगं, तुझा नवरा! मग वर्षच बंद करावं लागेल."

"मामा, थट्टा नको."

"गाणाऱ्यांचा घसा म्हणजे गावाचं काम होतं. हे तुझं घरचं."

"गेल्या दुष्काळात इजिप्तचं धान्य कुणी आणलं? गाणाऱ्यांनी? तेव्हा येताना एक्केचाळीस दिवस लागले म्हणून तुम्ही सगळे हसलात. पण भाकरी खाल्लीत ना?"

मामा चघळायचा थांबला. मी म्हटलं, "मी त्या माणसाला जन्मभर चिडवलं. जातानाही चिडवूनच पाठवलं. पोरीचं लग्न मोडलं तर तो स्वतःला माफ करणार नाही, आणि मी मला."

मामाने वडीचा चुरा झटकला. "एक लक्षात ठेव. दिवस उसने घेतले की परत करावे लागतात. जितक्या वेळा चौदा चालेल, तितक्या पुढच्या तारखा गाळाव्या लागतील, नाहीतर गाव आणि चंद्र दोन वाटांनी जातील. मी हळूहळू गाळतो, महिनाअखेरीला दोन, मग दोन."

"ते नंतर बघू," मी म्हटलं.

पहिल्या चौदाला पूर्ण चंद्र आला, जहाज आलं नाही. दुसऱ्या दिवशी दवंडीवाला ओरडला, "आज चौदा तारीख!" चौकातली माणसं एकमेकांकडे बघून हसायला लागली. कळायचं ते कळलं. तिसऱ्या दिवशी तो "आज" म्हणाला आणि उरलेलं चौकानेच ओरडून सांगितलं.

फेरेनीका तरातरा मामाच्या दारात गेली. मीही मागोमाग गेले. "अर्खिनोस, डोळे आहेत का तुला? चंद्र उतरायला लागलाय!"

"चंद्र काय आमच्या गावचा नागरिक आहे?" मामा म्हणाला. "त्याने त्याची तारीख बघावी, आम्ही आमची. तू शपथेत काय म्हणालीस? चौदा तारीख म्हणालीस की पूर्ण चंद्र म्हणालीस?"

"चौदा तारीख," ती म्हणाली.

"मग चौदाच आहे. जा घरी, पाहुण्यांना सांग."

ती माझ्याकडे न बघता निघून गेली. मला वाटलं, आता गावभर बोंब मारणार. पण पाचव्या चौदाला ती आमच्या मागच्या दाराने आली. हातात मधाची बरणी होती. "लग्नाच्या पोळ्यांसाठी आणलेला मध आहे. माझ्याकडे मुंग्या लागतात," म्हणाली. बरणी खाली ठेवून मग हळूच विचारलं, "मिक्का, तुझा मामा अजून किती दिवस धरू शकेल?" तेव्हा मला समजलं की शपथ घेतलेल्या दिवसापासून ही बाई स्वतःच त्या शपथेत अडकून पडली होती.

सहाव्या चौदाला सायप्रसकडून एक जहाज आलं. त्यांनी सांगितलं, लिकियाच्या टोकापाशी दोन दिवस फार वाईट वारा होता, एक डोलकाठी वाहत जाताना दिसली. कुणाची ते सांगता येत नाही. त्या दिवशी सिमोसच्या दुकानातून हसण्याचा आवाज आला नाही. सातव्या चौदाला दवंडीवाला चौकात ओरडला तेव्हा चौक गप्प उभा राहिला. मला आता लग्नाचं काही वाटत नव्हतं. लग्न मोडो, फुशारकी मारो, पुस्तकात काय हवं ते जावो, मला फक्त तो गोल पोटाचा माणूस दारात उभा राहिलेला हवा होता. मी भिंतीला टेकून मसूर निवडत होते आणि खडे मसुरात टाकत होते.

आठव्या चौदाला सकाळी क्लेनोची हाक आली, "आई! शीड!"

मी कशी धावले ते आठवत नाही. ग्लाउका वल्ह्यांवर हळूहळू आत येत होती, शीड ठिगळांचं. डोलकाठी तीच, आमची, शाबूत. एरवी हे खाडीच्या तोंडापासून ओरडत येतात, "चार दिवस!" म्हणून, की लोक घरात भांडी ठेवून बाहेर येतात. त्या दिवशी जहाजावरून आवाज नाही. दोरी बांधली. हे फळीवरून उतरले, काट्यांवरून चालावं तसे. पायांना गोणपाट गुंडाळलेलं, दाढी छातीपर्यंत, पोट निम्मं झालेलं. समोर आले आणि मान खाली घालून म्हणाले, "मिक्का, मला उशीर झाला."

वीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. माझ्या डोळ्यांना धार लागली होती, तरी तोंड माझंच. "कसला उशीर?" मी म्हटलं. "आज चौदा तारीख."

त्यांनी वर बघितलं. गावामागच्या गडाच्या वर, भर सकाळी, अर्धा चंद्र होता. काकडीच्या चिरलेल्या अर्ध्या चकतीसारखा, पांढरा. समुद्रावरच्या माणसाला चंद्राबद्दल कोण फसवणार?

"अगं, तो बघ की," हे म्हणाले.

"त्याच्याकडे नका बघू. तो आपल्या गावचा नाही."

ह्यांना कळायला थोडा वेळ लागला. मागे चौकातून दवंडीवाला मुद्दाम पुन्हा ओरडला, "आज चौदा तारीख!" आणि सगळा धक्का हसला. हे हलक्या आवाजात म्हणाले, "कितवी?"

"आठवी."

ते तिथेच दोरी बांधायच्या दगडावर बसले आणि तोंड हातात घेतलं. हसत होते की रडत होते, दाढीमुळे कळत नव्हतं. "सात रात्री," म्हणाले, "सात रात्री मी त्याला उतरताना बघितलं, मिक्का. पोरीला काय सांगू म्हणून." क्लेनो त्यांच्या गळ्यात पडली तेव्हा कळलं की रडत होते.

आता पैज. मी स्वतःच तारीख थांबवून स्वतःची पैज हरले होते, आणि सिमोस काही सोडणारा नाही. "वहिनी, पाणी गरम आहे ना?" म्हणाला. दुकानासमोर तिवई मांडली, घंगाळं आलं, अर्धं गाव गोळा झालं. फेरेनीका सगळ्यांत पुढे. मी पदर खोचला, खाली बसले आणि म्हटलं, "द्या पाय. राजे आले इजिप्तचे." लोक हसले. मी गोणपाट सोडलं.

तळवे सोललेले होते. टाचांना भेगा नव्हेत, चिरा होत्या, बोटांची दोन नखं नव्हती, आणि सगळीकडे बारीक काळी खडी रुतलेली. हसणं थांबलं. मी हात पाण्यात धरून तशीच बसले.

ह्यांच्या सुकाणूवाल्याने सांगितलं. लिकियाच्या टोकापाशी वारा चार दिवस हलूच देईना. दिवसा खाडीत दडून बसायचं आणि पहाटे वारा पडला की घटका-दोन घटका मिळायच्या. तेवढ्यात हे दोन माणसांना घेऊन कमरेला दोरी बांधून किनाऱ्यावर उतरायचे आणि खडकांवरून जहाज ओढायचे. चपला पहिल्याच दिवशी गेल्या. "मी म्हटलं, मालक, थांबू. पौर्णिमा तर उलटली, आता कसली घाई? तर म्हणाले, ओढ."

"जहाजाला वारा नव्हता," हे पुटपुटले. "मग मी चाललो."

मी त्या वीस वर्षांत ह्यांच्या परतीचे दिवस किती चेष्टेने मोजले होते ते मला एकेक आठवलं. मी पाय धुतले. हळू धुतले, खडे एकेक काढले, तेल लावलं, आणि कुणी हसलं नाही. फानेस मागे उभा होता, पाट्या बंद.

संध्याकाळी मशाली लागल्या. हे दोन माणसांच्या खांद्यावर हात टाकून उभे राहिले आणि क्लेनोचा हात जावयाच्या हातात दिला. फेरेनीकाने सुनेला पहिला घास भरवला, त्यातच मुंग्या लागणारा तो मध होता. वर अर्धा चंद्रही नव्हता, अजून उगवायचा होता, पण पौर्णिमेचं लग्न म्हणून सगळे पोटभर जेवले.

दुसरी पोळी संपल्यावर आमचे हे माणसांत आले. "पाहुणे! पाटी काढा," त्यांनी फानेसला हाक मारली. "गेलो सोळाला, आलो चौदाला. लिहा. अठ्ठावीस दिवस."

फानेसने माझ्याकडे बघितलं. मी मामाकडे बघितलं. मामा म्हणाला, "गावाची तारीख सांगते ती खरी." फानेसने लिहिलं. तेव्हा ते पुस्तक कधी तुमच्या हाती लागलं तर आमच्या पानावर फार विसंबू नका.

जेवणं झाल्यावर मी मामाला बाजूला घेतलं. "मामा, सात दिवस परत करायचे आहेत ना?"

"हो, हळूहळू करतो. महिनाअखेरीला—"

"हळूहळू नको. उद्याच सगळे टाक."

मामाने आधी माझ्याकडे बघितलं, मग दुकानापाशी पाय पसरून बसलेल्या माझ्या नवऱ्याकडे, मग त्या पायांकडे. मान हलवली आणि एक अंजिराची वडी मागितली.

सकाळी दवंडीवाला ओरडला, "आज बावीस तारीख!" गाव आणि चंद्र पुन्हा एका वाटेला लागले. आमचे हे अंथरुणात उठून बसले. बोटं मोजली. पुन्हा मोजली.

"मिक्का," म्हणाले, "काल चौदा होती."

"होती."

"मग अठरा? मी पोसेदोनला शब्द दिलाय, अठराला शीड सोडणार म्हणून. अठरा कुठे गेली?"

"ह्या महिन्यात अठरा आली नाही," मी म्हटलं. "नसलेल्या तारखेला तुम्ही निघाला नाहीत म्हणून देव कसा रागवेल?"

"आणि पुढच्या महिन्यातली अठरा?"

"तोवर समुद्र बंद होईल."

ते तिसऱ्यांदा बोटं मोजायला लागले. हळूहळू सगळं ध्यानात आलं असावं, कारण कान लाल झाले. मला वाटलं आता आरडाओरडा होणार. मी घंगाळं घेऊन आले, गरम पाणी होतं, आज बघायला कुणी नव्हतं.

"अगं, पण अठरा शोधायला हवी," ते म्हणाले. आवाजात जोर नव्हता.

"शोधू," मी म्हटलं. "आधी पाय द्या इकडे."